शेवटचं गाणं कुठलं?

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या मामांकडे जुन्या इंग्रजी रॉक अल्बमचा मोठा साठा आहे. सुट्टीत मी त्यांतला एकेक अल्बम ऐकते आणि त्यातली गाणी मला पटतील त्या क्रमाने पुन्हा लावते. एखादं गाळते, त्याच काळातलं एखादं आत घेते आणि मग या नव्या अल्बमसाठी नवं कव्हर रंगवते. मामांना हे अजिबात आवडत नाही. ज्यांनी अल्बम केला त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळत होतं, असं ते म्हणतात. मूळ क्रम खरंच इतका विचारपूर्वक ठरवलेला असतो का? आणि तो मोडणं चूक आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या मामांचं निम्मं म्हणणं खरं आहे, म्हणून आधी त्यांची बाजू मांडतो.

१६ ऑक्टोबर १९६८ च्या संध्याकाळी जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी आणि निर्माते जॉर्ज मार्टिन लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत बसले, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच उठले. बीटल्सच्या नव्या अल्बमसाठी तीस गाणी तयार होती. दोन तबकड्या, चार बाजू. या चोवीस तासांत त्यांनी एकही नवा सूर वाजवला नाही, फक्त कुठलं गाणं कुठे बसवायचं ते ठरवलं. जॉर्ज हॅरिसनची चार गाणी होती, ती प्रत्येक बाजूवर एक अशी वाटली. एकाच गीतकाराची गाणी ओळीने फार येणार नाहीत हे पाहिलं. 'ब्लॅकबर्ड', 'पिगीज', 'रॉकी रकून' ही प्राण्यापक्ष्यांची नावं असलेली तीन गाणी मुद्दाम शेजारी ठेवली. दणदणीत गाणी बरीचशी तिसऱ्या बाजूवर गेली. दोन गाण्यांमधली मोकळी जागाही त्यांनी जवळजवळ पुसून टाकली. पहिल्या गाण्यातल्या जेट विमानाच्या आवाजातूनच दुसऱ्या गाण्याची गिटार उमलते. पूर्ण पांढऱ्या कव्हरमुळे ज्याला सगळे 'व्हाइट अल्बम' म्हणतात तो हाच. इतक्या वेगवेगळ्या वळणांची तीस गाणी एका कापडात विणायची, तर वीण आधी ठरवावीच लागते.

या विणीचं मोल मला एका अपघाताने कळलं. कॉलेजात असताना मी हा अल्बम एका दुकानातून कॅसेटवर भरून घेतला होता. कॅसेट नव्वद मिनिटांची आणि अल्बम त्र्याण्णव मिनिटांच्या आसपासचा. दुसरी तबकडी एका बाजूवर पुरी बसेना, म्हणून भरून देणाऱ्याने शेवटचं गाणं सोडून दिलं. माझ्या कॅसेटवर अल्बम 'रेव्होल्यूशन ९'पाशी संपत असे. हा तुकडा आठ मिनिटांहून मोठा. त्यात धड गाणं नाही. तुटके आवाज, आरोळ्या, उलट्या फिरवलेल्या फिती आणि गर्दीचा गोंगाट यांचं ते एक भयस्वप्न आहे. ते संपलं की टेपरेकॉर्डरचं बटण खट्‌कन वर यायचं आणि खोलीत शांतता पसरायची. कित्येक वर्षं मी हा अल्बम एका काळोख्या शेवटाचा अल्बम म्हणून ओळखत होतो. मित्रांशी त्यावर वाद घातले होते.

पुढे एका ओळखीच्यांकडे मूळ तबकडी ऐकली. 'रेव्होल्यूशन ९' संपलं, मी उठायला लागलो, आणि व्हायोलिनांचा एक मऊ लोट आला. लेननने आपल्या लहान मुलासाठी रचलेली 'गुड नाइट' ही अंगाई, रिंगो स्टारच्या साध्या, थोड्या अवघडलेल्या आवाजात. भयस्वप्नानंतर कुणीतरी येऊन पांघरूण सारखं करावं तशी. त्या तीन मिनिटांनी आधीच्या नव्वद मिनिटांचा अर्थ बदलून टाकला. गाणी तीच होती, फक्त शेवट आपल्या जागी आला होता.

म्हणजे क्रम हा अल्बमचाच एक भाग असतो, हे मामांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. आता तुमची बाजू.

क्रम महत्त्वाचा म्हणजे तो अचल, असं नाही. अनेक गाजलेल्या अल्बमचा क्रम कंपनीच्या सोयीने, कायद्याच्या अडचणीने किंवा निव्वळ योगायोगाने ठरला आहे. बीटल्सच्याच 'ॲबी रोड'च्या शेवटी 'हर मॅजेस्टी' नावाचं जेमतेम तेवीस सेकंदांचं गाणं आहे. ते आधी दुसऱ्या बाजूच्या सलग गाण्यांच्या माळेत 'मीन मिस्टर मस्टर्ड' आणि 'पॉलिथीन पॅम' यांच्या मधे होतं. मॅकार्टनीला ते तिथे खटकलं, त्याने ते काढून टाकायला सांगितलं. पण बीटल्सचं काहीही टाकायचं नाही अशी स्टुडिओतल्या तंत्रज्ञांना ताकीद होती. जॉन कर्लँडर या तरुण तंत्रज्ञाने तो तुकडा कोऱ्या फितीचं अंतर सोडून रिळाच्या शेवटी चिकटवून ठेवला. ऐकताना तो तिथेच सगळ्यांना आवडला आणि तसाच राहिला. कापलेल्या जागेची खूण आजही ऐकू येते. गाणं सुरू होताना जो दणका बसतो तो आधीच्या गाण्याचा शेवटचा ठोका आहे, आणि त्याचा स्वतःचा शेवटचा सूर मात्र त्याच्याबरोबर आलेलाच नाही.

याहून मोठं उदाहरण 'रबर सोल'चं. डिसेंबर १९६५ मध्ये इंग्लंडमध्ये हा अल्बम चौदा गाण्यांचा निघाला. अमेरिकेत कॅपिटल कंपनी बीटल्सचे अल्बम आपल्या हिशेबाने मोडून जोडत असे. तिने यातली चार गाणी काढली, 'ड्राइव्ह माय कार' हे पहिलं गाणंही काढलं, आणि आधीच्या 'हेल्प!' अल्बममधली दोन गाणी घातली. 'आय हॅव जस्ट सीन अ फेस' सुरुवातीला आलं आणि अमेरिकी 'रबर सोल' एकदम लाकडी गिटारींच्या, लोकसंगीताच्या अंगाचा झाला. बीटल्सना ही मोडतोड मुळीच पसंत नव्हती. पण हाच मोडलेला अल्बम कॅलिफोर्नियात बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनने ऐकला. सगळी गाणी एका जातीची, एकमेकांना धरून असलेली, असा आख्खा अल्बम करता येतो हे त्याच्या मनाने घेतलं, आणि मे १९६६ मध्ये 'पेट साउंड्स' आला. तो ऐकून मॅकार्टनी भारावला. पुढच्या वर्षीच्या 'सार्जंट पेपर'मागे त्या भारावण्याचा मोठा वाटा आहे. एका कंपनीने धंद्यासाठी बदललेल्या क्रमातून दोन महान अल्बमची वाट निघाली.

तेव्हा मोडण्यात पाप नाही. मात्र ज्याने मोडलं त्याने नव्या क्रमाची जबाबदारी घ्यायला हवी. 'हे गाणं इथे का?' असं मामांनी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असावं. ते असेल, तर तुम्ही त्या अल्बमचा अपमान करत नाही. तुम्ही तो मन लावून वाचता आहात.

प्रश्न : एल.पी.वर जोरकस गाणी बाजूच्या सुरुवातीला आणि संथ गाणी शेवटी ठेवत, असं वडील सांगतात. यामागे केवळ आवड होती की काही शास्त्र?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आवड होतीच, पण शास्त्रही होतं, आणि ते अगदी साधं आहे.

बारा इंची एल.पी. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने बाजारात आणली. ती मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. सुई कडेला असो की मध्याजवळ, फेऱ्याला वेळ तेवढाच. पण कडेच्या चराची लांबी सुमारे नव्वद सेंटिमीटर भरते आणि अगदी आतल्या चराची चाळीसहूनही कमी. १.८ सेकंदांचा तोच आवाज बाहेर ऐसपैस जागेत कोरला जातो आणि आत निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने. त्यामुळे आतल्या चरांत झांजांची, 'स'काराची, उंच सुरांची धार बोथट होते, मोठा आवाज फाटतो. शिवाय आवाज जितका दणदणीत, विशेषतः खर्जाचा, तितका चर रुंद लागतो. त्यामुळे एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांच्या पुढे गेलं की एकूण आवाजच दबवावा लागतो. म्हणून दणक्याचं गाणं कडेला आणि हळुवार गाणं मध्याजवळ, ही मांडणी सोयीची होती. हा नियम सगळ्यांनी पाळला असं नाही, पण क्रम लावायला बसणाऱ्याच्या डोक्यात तो असे.

याच मर्यादेतून एक सौंदर्य जन्माला आलं, ते म्हणजे मधला थांबा. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) या अल्बमची पहिली बाजू 'द ग्रेट गिग इन द स्काय'वर संपते. मृत्यूसमोरचा शब्दांवाचूनचा स्त्रीस्वर हळूहळू विरत जातो. मग श्रोता उठतो, तबकडी उलटवतो, सुई ठेवतो, आणि नाण्यांचा, गल्ल्याचा खणखणाट सुरू होतो. 'मनी' हे गाणं. मरणाकडून पैशाकडे जाताना मधे एक मिनिटाची शांतता होती. सीडीवर ही दोन गाणी एकमेकांना लागून आली आणि ती शांतता गेली. जुना अल्बम नव्या साधनावर जसाच्या तसा आला तरी तो थोडा बदलतोच.

कधी साधनामुळे भरही पडली आहे. मोटारीत वाजवायच्या 'एट ट्रॅक' काडतुसांत फीत अखंड गोल फिरे आणि तिचे चार सारख्या लांबीचे भाग पाडावे लागत. ते जुळवण्यासाठी कंपन्या गाणी सर्रास पुढेमागे करत, एखादं गाणं मधेच तोडून दुसऱ्या भागात पुरं करत. पिंक फ्लॉइडच्या 'ॲनिमल्स' (१९७७) या अल्बमच्या पहिल्या आणि शेवटच्या टोकाला 'पिग्ज ऑन द विंग' या एकाच गाण्याचे दोन तुकडे आहेत. एट ट्रॅकवर हे दोन्ही जोडण्यासाठी स्नोई व्हाइट या गिटारवादकाचा एक खास तुकडा मधे घातला. एल.पी.वर जे गाणं अल्बमला दोन्ही बाजूंनी कुंपण घालतं, तेच तिथे सलग एक गाणं होऊन बसलं.

प्रश्न : 'द हू' या बँडच्या 'बाबा ओ'रायली' गाण्यातले बाबा म्हणजे आमच्या नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा, असं ऐकलं. खरं का? आणि ज्या अल्बममध्ये ते गाणं आहे तो मुळात वेगळाच होणार होता, हेही खरं का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : दोन्ही खरं आहे.

मेहेरबाबांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यात, इराणी झरतुष्ट्री कुटुंबात झाला. डेक्कन कॉलेजात ते शिकले. १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत ते बोलले नाहीत. अक्षरफलकावरून आणि नंतर हातांच्या खुणांनी संवाद करत. अरणगावजवळ मेहेराबादला त्यांची समाधी आहे. 'द हू'चा गिटारवादक आणि गीतकार पीट टाउनशेंड त्यांचा अनुयायी. शीर्षकातला 'बाबा' तिथला. 'रायली' म्हणजे टेरी रायली हा अमेरिकी संगीतकार, लहान स्वरसमूहांच्या आवर्तनांतून संगीत उभं करणारा. हा रायली १९७० पासून किराना घराण्याचे पंडित प्राणनाथ यांच्याकडे शिकला. म्हणजे नावाच्या दोन्ही वाटा आपल्याकडे येऊन मिळतात. चव्वेचाळीस वर्षं मौनात राहिलेल्या माणसाचं नाव जगातल्या अत्यंत कर्णभेदी बँडपैकी एकाच्या गाण्याला मिळालं आहे. सुरुवातीची ती गरगरणारी सुरावट अनेकांना सिंथेसायझरची वाटते. ती टाउनशेंडने लॉवरी ऑर्गनवर वाजवलेली आहे.

आता दुसरा भाग. १९७१ मध्ये टाउनशेंड 'लाइफहाउस' नावाच्या एका अफाट बेतात गुंतला होता. येणाऱ्या काळाची कथा होती. प्रदूषणामुळे माणसं घरात कोंडलेली, अंगावर खास पोशाख चढवून एका जाळ्याला जोडलेली, अनुभवही त्या जाळ्यातूनच घेणारी. मग एक मैफल भरते, माणसं बाहेर पडतात आणि सगळे मिळून एका सुरापाशी पोचतात. लंडनच्या यंग व्हिक नाट्यगृहात त्याचे प्रयोग झाले. पण हे सगळं नेमकं काय आहे ते सोबत्यांना उमगेना. बेत कोसळला आणि टाउनशेंडही त्याबरोबर खचला. ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्सच्या सल्ल्याने कथा बाजूला ठेवून उत्तम तेवढी गाणी एका तबकडीवर घेतली. ऑगस्ट १९७१ मधला 'हूज नेक्स्ट' तो हाच. नऊ गाणी, त्यांतली आठ 'लाइफहाउस'ची. नववं 'माय वाइफ' जॉन एंटविसलचं.

ज्या गाण्यावर सगळी कथा तोललेली होती, ते एका सुराविषयीचं 'प्युअर अँड ईझी' मात्र बाहेर राहिलं. टाउनशेंडने ते १९७२ मध्ये 'हू केम फर्स्ट' या आपल्या एकल अल्बममध्ये घेतलं. त्याच अल्बममध्ये 'परवरदिगार' आहे, मेहेरबाबांच्या प्रार्थनेला त्याने दिलेली चाल. 'लाइफहाउस' त्याने सोडलं नाही. २००० मध्ये सहा सीडींचा संच काढला, आणि २०२३ मध्ये 'हूज नेक्स्ट'च्या मोठ्या आवृत्तीबरोबर त्या कथेची चित्रकादंबरीही आली.

आपल्यापैकी कुणी 'लाइफहाउस' जुळवायला बसलं तर पहिला प्रश्न 'बाबा ओ'रायली'चा येईल. 'हूज नेक्स्ट'मध्ये ते पहिलं आहे आणि तिथून ते हलवणं जवळजवळ अशक्य वाटतं. मी जुळवून पाहिलं तेव्हा ते पहिलंच ठेवलं आणि 'प्युअर अँड ईझी' शेवटी नेलं. 'हूज नेक्स्ट'चा शेवट 'वोंट गेट फूल्ड अगेन' या संतप्त गाण्याने होतो. पुन्हा फसणार नाही, अशी तिथे वज्रमूठ आहे. माझ्या क्रमात ती मूठ मधे येते आणि शेवटी उघडते. हा अल्बम 'हूज नेक्स्ट'हून चांगला नाही. त्यातली हवा सैल आहे आणि दुसरी बाजू रेंगाळते. पण टाउनशेंडला काय हवं होतं ते मला त्या रेंगाळण्यातच पहिल्यांदा ऐकू आलं.

बीच बॉइजच्या 'स्माइल'चीही अशीच कहाणी. १९६७ मध्ये तो अर्धा टाकला गेला. ब्रायन विल्सनने तो सुट्या तुकड्यांत मुद्रित केला होता, आणि कुठला तुकडा कुठे हे त्याच्याच डोक्यात होतं. बाहेर पडलेल्या फितींवरून चाहत्यांनी वर्षानुवर्षं आपापले 'स्माइल' जुळवले. अखेर २००४ मध्ये विल्सनने स्वतः तीन भागांत तो पुरा करून लंडनला सादर केला. मूळ फितींचा संच २०११ मध्ये निघाला तेव्हा त्यावर फ्रँक होम्सने त्या काळी काढलेलं हसूंच्या दुकानाचं चित्र होतं. अशा अल्बमना मूळ क्रमच नसतो. तिथे पुन्हा जुळवणं हाच ऐकण्याचा मार्ग उरतो.

प्रश्न : अल्बमचं कव्हर बदलायचं तर मर्यादा कुठली पाळावी? काही कव्हर इतकी प्रसिद्ध आहेत की दुसरं सुचतच नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : प्रसिद्ध कव्हरं घडताना किती अस्थिर होती ते पाहिलं की हात मोकळा होतो.

'सार्जंट पेपर'चं कव्हर पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी रचलं. माणसांएवढ्या पुठ्ठ्याच्या प्रतिमांची गर्दी उभी करून ३० मार्च १९६७ रोजी मायकल कूपरने छायाचित्र घेतलं. त्या गर्दीत महात्मा गांधी होते. भारतात लोक दुखावतील या भीतीने ई.एम.आय. कंपनीच्या प्रमुखांनी ती प्रतिमा काढायला लावली. परमहंस योगानंद आणि त्यांच्या गुरुपरंपरेतल्या प्रतिमा मात्र राहिल्या. त्या दिवशीच्या इतर छायाचित्रांत गांधीजी आजही दिसतात. म्हणजे जे चित्र आपल्याला अढळ वाटतं, त्यातही एक जागा पुसलेली आहे.

'रबर सोल'वरचे लांबट चेहरे योगायोगाचे. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रीमन एल.पी.च्या आकाराच्या पुठ्ठ्यावर पारदर्शिका दाखवत होता, पुठ्ठा मागे कलला आणि चेहरे ताणले गेले. तेच बीटल्सना आवडलं. रोलिंग स्टोन्सच्या 'बेगर्स बँक्वेट' (१९६८) साठी शौचालयाच्या लिहून भरलेल्या भिंतीचं कव्हर ठरलं होतं. कंपनीने नाकारलं आणि अल्बम साध्या निमंत्रणपत्रिकेसारख्या पांढऱ्या कव्हरात निघाला. भिंत परत यायला ऐंशीचं दशक उजाडलं. १९६६ मध्ये अमेरिकेत 'यस्टरडे अँड टुडे'वर बीटल्स खाटकांच्या झग्यांत, मांसाचे तुकडे आणि मोडक्या बाहुल्या घेऊन बसलेले होते. ओरड होताच माल परत मागवला, आणि अनेक प्रतींवर मोठ्या पेटीभोवतीच्या चौघांचं नवं चित्र वरून चिकटवलं. अल्बमची कत्तल करणाऱ्या कंपनीचा हा निषेध होता, अशी आख्यायिका आहे. प्रत्यक्षात कल्पना छायाचित्रकार रॉबर्ट व्हिटेकरची होती. मूर्ती करून पुजल्या जाणाऱ्या या चौघांना त्याला हाडामांसाचं दाखवायचं होतं.

मर्यादा विचारलीत तर माझी एकच आहे. कव्हर तुम्ही लावलेल्या क्रमाशी खरं हवं. 'द डार्क साइड ऑफ द मून' हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ठोक्यांनीच संपतो. हिप्नोसिस या संस्थेने योजलेल्या आणि जॉर्ज हार्डीने चितारलेल्या त्या कव्हरवर लोलकातून फुटलेला रंगपट्टा उघडणाऱ्या आतल्या पानांवर जातो. तिथे त्याची एक रेघ ठोक्यासारखी उसळते. मागच्या बाजूला उलटा लोलक ते रंग पुन्हा गोळा करतो. कव्हरं शेजारीशेजारी मांडली तर पट्टा न तुटता पुढे जात राहतो. अल्बम जिथे संपतो तिथेच सुरू होतो, हे चित्रानेही सांगितलं आहे. तुम्ही ठोके दोन्ही टोकांवरून हलवलेत, तर लोलक कितीही देखणा असला तरी तो तुमच्या अल्बमचा राहत नाही. तुम्हाला दुसरं चित्र शोधावंच लागेल, आणि ते गाण्यांतूनच मिळेल.

प्रश्न : हे करून पाहावंसं वाटतं. सुरुवात कशी करू? आणि केलेलं इतरांना देता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते छोटं आहे. स्वतःच्या ऐकण्यासाठी गाणी हव्या त्या क्रमाने लावा. खासगी वापरासाठीच्या रास्त वापराला आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुभा आहे. गाणी दुसरीकडे चढवणं, विकणं, किंवा मूळ कव्हरची छायाचित्रं आपल्या नावाने वापरणं त्यात बसत नाही. द्यायचीच असेल तर गाण्यांची यादी द्या आणि स्वतः काढलेलं चित्र द्या. ऐकणारा गाणी रीतसर जिथून ऐकतो तिथून ऐकेल.

आता सुरुवात. मूळ अल्बम आधी त्याच्याच क्रमाने, एका बैठकीत ऐका. बाजू संपते तिथे उठून दोन मिनिटं थांबा. मग चार खांब रोवा : पहिल्या बाजूचं पहिलं आणि शेवटचं गाणं, दुसऱ्या बाजूचं पहिलं आणि शेवटचं. एका बाजूला बावीस मिनिटांची मर्यादा स्वतःला घालून घ्या. जागा कमी असली की निवड खरी होते. मग सांधे तपासा. एका गाण्याची शेवटची वीस सेकंदं आणि पुढच्याची पहिली वीस सलग ऐका. लय अडखळते का, सूर खुपतो का, की दोन गाणी एकमेकांचं बोलणं तोडतात, ते कान लगेच सांगेल. कव्हर सगळ्यात शेवटी.

अनेकांचा आवडता प्रयोग 'सार्जंट पेपर'चा. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' आणि 'पेनी लेन' त्याच मुद्रणांतली. पण ती फेब्रुवारी १९६७ मध्ये सिंगल म्हणून निघाली आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे अल्बमबाहेर राहिली. ही आपली सर्वांत मोठी चूक, असं जॉर्ज मार्टिन पुढे म्हणत. मी दोन्ही आत घेऊन पाहिली. 'पेनी लेन' कुठेही हसतमुखाने बसतं. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' मात्र जिथे ठेवावं तिथे शेजारच्या गाण्याला झाकोळतं, आणि 'अ डे इन द लाइफ'च्या जवळ नेलं की शेवटाचं बळच अर्धं होतं. चार वेळा घातलं, चार वेळा काढलं. मार्टिन यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून, मला ती चूक वाटत नाही.

पहिल्या प्रयोगासाठी मी दुसरं सुचवेन. १९६८ च्या वसंतात बीटल्स ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात होते आणि तिथे त्यांनी गाण्यांचा ढीग रचला. सोबत आलेल्या डोनोव्हनने लेननला बोटांनी तारा छेडायची पद्धत शिकवली. परतल्यावर मे महिन्यात हॅरिसनच्या ईशरच्या घरी त्यांनी गाणी साध्या गिटारींवर मुद्रित करून ठेवली. ही सत्तावीस कच्ची मुद्रणं २०१८ च्या 'व्हाइट अल्बम'च्या संचात मिळतात. त्यांतली दहा-बारा निवडून एक 'ऋषिकेश अल्बम' जुळवा. खोलीबाहेर न येणाऱ्या प्रूडन्स फॅरोसाठी रचलेलं 'डिअर प्रूडन्स' सुरुवातीला ठेवा. शेवटासाठी दोन गाणी समोर ठेवतो, दोन्ही लेननची. एक 'चाइल्ड ऑफ नेचर', ऋषिकेशच्या वाटेवरचं, निवांत. ते तेव्हा अल्बममध्ये आलंच नाही, पुढे तीच चाल 'जेलस गाय' झाली. दुसरं 'सेक्सी सेडी', महर्षींवर रुसून, निघण्याच्या वेळी सुचलेलं. त्यातलं महर्षींचं नाव हॅरिसनच्या आग्रहाने बदललं गेलं.

पहिलं शेवटी ठेवलंत तर हा शांती सापडल्याचा अल्बम होतो. दुसरं ठेवलंत तर तीच गाणी भ्रमनिरासाची कहाणी सांगू लागतात. कव्हरही त्याबरोबर ठरेल : गंगेकडे जाणारी पायवाट, की आश्रमाकडे पाठ करून निघालेली मोटार. कुठला शेवट बरोबर, हे मी सांगणार नाही. तुम्हाला तो निवडता आला की 'व्हाइट अल्बम'वाल्यांनी चोवीस तास बसून काय केलं ते कळेल. सांगलीच्या मुलीने तिच्या मामांनाही शेजारी बसवून हा प्रयोग करावा.

माझी ती नव्वद मिनिटांची कॅसेट अजून माझ्याकडे आहे. फीत जागोजागी चुरगळली आहे, त्यामुळे मी अल्बम आता दुसरीकडे ऐकतो आणि तिथे तीसही गाणी आहेत. तरी 'रेव्होल्यूशन ९'चा गोंगाट ओसरत आला की कान त्या खट्‌ आवाजाची वाट पाहतात. क्षणभर खोली पुन्हा त्या वयातली, काळोखी होते. मग व्हायोलिनं येतात.